गोळी पुन्हा सुरू केल्यानंतर

चि. हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मध्यंतरी बंद पडलेली थायरॉइडची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू करून पंधरवडा झाला, तरी थकवा हटत नाही आणि अधूनमधून धडधडते, म्हणून आपल्या मनानेच अर्धी गोळी घ्यावी असे तुला वाटते. कृपा करून तसे करू नकोस.

तुझ्या गोळीतील औषधाचे, म्हणजे लिव्होथायरॉक्सिनचे, रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे रोज नेमाने गोळी घेतली तरी ते स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, आणि टीएसएच (थायरॉइड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) त्याच्याही मागून खाली येतो. पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी सांगितली जाते ती याचसाठी. धडधड मात्र अंगावर काढू नकोस. ती वारंवार होत असेल, हात कापत असतील, झोप उडाली असेल, तर आजच डॉक्टरांना कळव; कमी डोसपासून हळूहळू वाढवायचे का, हे त्यांना ठरवू दे. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर फोनवर वेळ न घालवता सरळ रुग्णालयात जा.

आपल्याकडे खरी अडचण सकाळच्या चहाची असते. गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास चहा-नाश्ता टाळायचा, हे घरातल्यांनाही सांगून ठेव, म्हणजे कोणी आग्रहाने कप हातात देणार नाही. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल, तर दोन्हींत चार तासांचे अंतर राहू दे.

केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व सुरू केल्याचे तू ओघात लिहिले आहेस, पण मला ती गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. उपचाराच्या सुरुवातीच्या महिन्यांत केस गळू शकतात आणि बहुधा ते पुढे आपोआप थांबते. बायोटिनमुळे मात्र काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो, आणि मग डोस जास्त झाला असे समजून तो उगाच घटवला जाण्याची भीती असते. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेव आणि डॉक्टरांना व लॅबमध्ये तसे सांग. त्या सकाळी रक्त देऊन झाल्यावरच थायरॉइडची गोळी घे. रिपोर्ट आधी डॉक्टरांना दाखव, मग मला कळव.