लहानपणीच्या पुस्तकांतली पात्रं मोठी झाल्यावर कसे कपडे घालतील?

लहानपणी वाचलेली पोरंसोरं आज मोठी असती तर त्यांचा पेहराव कसा असता, असं तुम्ही विचारलंय. मी एका हौशी नाट्यसंस्थेचा कपडेपट सांभाळते, त्यामुळे हा उद्योग माझ्या डोक्यात कायम चालू असतो. हल्ली संगणकाकडून अशी चित्रं काढून घ्यायची टूम आहे. त्यात मला एकच खोट दिसते. पोराच्या अंगातला सदरा नुसता मोठ्या मापात शिवलेला असतो. अहो, लहान मुलाचे कपडे त्यानं थोडेच निवडलेले असतात? ते आईनं, शाळेनं नाहीतर चित्रकारानं चढवलेले. ते मूल अंगावरच्या कपड्याशी कसं वागायचं, ते आधी बघायला हवं.

दोघांच्या बाबतीत तर कल्पना लढवायची गरजच नाही. पहिला श्याम. साने गुरुजींनी 1933मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यात मोठा झालेला श्यामच आश्रमातल्या मित्रांना बेचाळीस रात्री आईच्या गोष्टी सांगतो. हा श्याम म्हणजे खुद्द गुरुजी, आणि त्यांचा वेश आपण फोटोंत पाहिलेला आहे: खादीचं धोतर, खादीचा सदरा, पांढरी टोपी. ही खादी गांधीजींमुळे आली हे खरंच, पण पुस्तक पुन्हा वाचलं की जागोजागी कापड भेटतं. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामपुढे आई स्वतःचं लुगडं दगडावर पसरते. भाऊबिजेच्या पैशांतून ती स्वतःसाठी काही न घेता नवऱ्यासाठी धोतर आणवते. पुढे श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. या घरात नवं कापड येतं ते नेहमी दुसऱ्या कुणासाठी तरी. असा मुलगा मोठेपणी स्वतःच्या अंगावर जाडंभरडं घालणार, यात मला तरी नवल वाटत नाही.

दुसरी तोत्तोचान, त्याच नावाच्या जपानी पुस्तकातली शाळकरी मुलगी. नॅशनल बुक ट्रस्टच्या मराठी अनुवादामुळे ती आपल्याकडे घरोघरी पोचली. तिच्या तोमोए शाळेचे हेडमास्तर कोबायाशी पालकांना सांगत की मुलांना असतील तितके जुने कपडे घालून पाठवा, म्हणजे मळतील-फाटतील याची धास्ती न बाळगता ती खेळतील. तोत्तोचानला कुंपणाच्या काटेरी तारांखालून सरपटत जायचा नाद. एकदा फ्रॉकच्या चिंध्या झाल्या, तेव्हा तिनं आईला खुशाल सांगितलं की मुलांनी पाठीवर सुऱ्या फेकल्या! पण हीच मुलगी एक मोठी सुरेख रिबीन मिरवतही होती. हेडमास्तरांच्या लेकीला तशीच हवी झाली, त्यांना ती बाजारात कुठे मिळेना, तेव्हा त्यांनी तोत्तोचानलाच विनवलं की शाळेत ती लावून येऊ नकोस. आणि तिनं ऐकलं.

आता मोठेपणीची तोत्तोचान बघा, म्हणजे स्वतःच्याच लहानपणावर हे पुस्तक लिहिणाऱ्या तेत्सुको कुरोयानागी. जन्म 1933चा. 1976पासून जपानी टीव्हीवर त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम चालू आहे. अंगात कधी भरजरी किमोनो, कधी झगमगता पायघोळ झगा, आणि डोक्यावर तो जगप्रसिद्ध कांद्यासारखा केशसंभार. त्या केसांतून गोळ्या काढून पाहुण्यांच्या हातावर ठेवण्याबद्दल त्या ओळखल्या जातात. फाटक्या फ्रॉकवरून हे कुणाला सुचलं असतं? रिबिनीवरून मात्र सुचलं असतं.

हीच नजर ठेवून माझी लाडकी मैना सांगते. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांची लेक, राघू-मोरूची बहीण. तिची आई काऊ नऊवारीतली. मैना मोठी होईतो पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गात पाचवारी गोल साडी रुळली होती. तेव्हा 1960च्या आसपासची मैना मला शाळामास्तरीण दिसते: रोजची फिकट वायल, खांद्यावर नीट पिन केलेला पदर, मनगटावर चामडी पट्ट्याचं घड्याळ, केसांची एकच वेणी. लग्नकार्याला आईची इरकल काढायची, पण ती नेसायची कशी हे आठवेना म्हणून दर वेळी म्हातारीलाच हाक. भोवती चिमणराव आणि गुंड्याभाऊंचा गोंधळ बघत वाढलेली मुलगी स्वतःचं कपाट अगदी टापटीप ठेवणार, याची मला खात्री आहे. (माझ्या हातात असतं तर तिला एक तरी गडद गुलाबी साडी दिली असती.)

फास्टर फेणेचं म्हणाल तर 2017च्या चित्रपटात अमेय वाघच्या रूपानं तो तरुण झालेला आपण पाहिला. पण भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला हा बनेश फेणे साठच्या दशकातच शाळकरी होता, म्हणजे आज सत्तरीत असणार. हडकुळा, सायकलवर स्वार, तोंडात 'ट्टॉक'. अशा माणसाला दोनच गोष्टी लागतात: पायांना मोकळीक आणि भरपूर खिसे. म्हणून ढगळ कार्गो पँट, धुऊन धुऊन विटलेला टी-शर्ट, वर बिनबाह्यांचं खिसेवालं जाकीट. खिशात सुतळी, पक्कड, बॅटरी आणि बिलांचे चिठोरे. पायात मोजे न घालता कॅनव्हासचे बूट. त्याच्या गावाचं, पुण्याजवळच्या फुरसुंगीचं नाव हल्ली पेपरात येतं ते कचरा डेपोमुळे, तेव्हा रात्री कुठला ट्रक काय ओतून जातो ते टिपायला जाताना अंगावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट हवं. ते अर्थात तो विसरणार आणि बायको मागून ओरडणार.

बोक्या सातबंडेबद्दल फार लिहीत नाही. दिलीप प्रभावळकरांनी त्याला इतका चळवळ्या केलाय की चाळिशीतला बोक्या सोसायटीचा सेक्रेटरी झाल्याशिवाय राहत नाही. शर्ट कडक इस्त्रीचा, पण एक बटण चुकीच्या काजात, कारण गच्चीवर कुणाचं तरी मांजर अडकलंय असा फोन आला होता.