‘घाशीराम कोतवाल’ या नाटकामुळे पीडीए ही पुण्यातली नाट्यसंस्था फुटली आणि त्यातून थिएटर अकॅडमी ही नवी संस्था निघाली, हे कितपत खरं आहे?

खरं आहे. पण ‘फुटली’ म्हटलं की खुर्चीची भांडणं आणि गटबाजी डोळ्यांपुढे येते, तसं ते प्रकरण नव्हतं. मुद्दा एकच होता: एका नाटकाचे प्रयोग करायचे की नाही. मी त्या पिढीतला नाही. पुण्यात प्रायोगिक नाटकांच्या आसपास वाढलो, त्या मंडळींच्या मुलाखती आणि गप्पा भरपूर ऐकल्या, त्या जोरावर लिहितोय.

प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए, ही भालबा केळकरांची संस्था. डॉ. श्रीराम लागूही तिथलेच. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग याच संस्थेनं केला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. नाना फडणवीस झाले होते मोहन आगाशे. नाटक ब्राह्मणविरोधी आहे, नानांची बदनामी करतं, अशी ओरड झाली आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनं ते बंद केलं. तरुण मंडळी बाहेर पडली. २७ मार्च १९७३ ला, जागतिक रंगभूमी दिनी, थिएटर अकॅडमी स्थापन झाली. ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर यायला मात्र १९७४ चा जानेवारी उजाडला.

आता मला जे खरं महत्त्वाचं वाटतं ते. बाहेर पडले ते सगळे एकदम कसे पडले? माझ्या मते याचं उत्तर नाटकातच आहे. ‘घाशीराम’मध्ये पडदा माणसांचा आहे. धोतर नेसलेल्या ब्राह्मणांची रांग खांद्याला खांदा लावून उभी राहते, गाते, डुलते. पाठ फिरवली की तिची भिंत होते आणि भिंतीमागे जे चाललंय ते फक्त कानावर येतं. रांग मधूनच फाटते, मागचं दिसतं, लगेच मिटते. आपण पाहिलं आणि त्यांनी लपवलं, हे दोन्ही एकाच क्षणी घडतं. त्या रांगेतल्या एकाचं पाऊल चुकलं तर भिंतीला भगदाड पडतं. ‘स्टार’ फोडून नेला आणि बाकी नवे घेतले, असं इथं चालत नाही. रवींद्र साठे, चंद्रकांत काळे यांच्यासारखे गाते गळे त्या ताफ्यात होते. जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही.

दुसरं कारण साधं आहे, पोटापाण्याचं. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, दौंडला दवाखाना. आगाशे मनोविकारतज्ज्ञ. सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये जीवरसायनशास्त्रात. तिकीटविक्रीवर कुणाची चूल पेटत नव्हती, म्हणून प्रयोग बंद पडला तरी हिंमत खचली नाही. (आजच्या पोरांना हे ऐकवलं की ती चिडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.)

मात्र अकॅडमी म्हणजे ‘घाशीराम’ एवढंच समजू नका. १९७४ मध्येच आळेकरांचं ‘महानिर्वाण’ आलं. त्यात मेलेला भाऊराव स्वतःच्याच मरणाचं कीर्तन करतो, आणि ते काम चंद्रकांत काळ्यांचं. पुढं पु. लं.चा ‘तीन पैशाचा तमाशा’, मग ‘बेगम बर्वे’. १९८० मध्ये ‘घाशीराम’ युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा पुन्हा विरोध पेटला, तरी मंडळी गेली. ऐंशीच्या दशकात नव्या नाटककारांसाठी योजना राबवली आणि आगाशेंनी जर्मनीतलं ‘ग्रिप्स’ बालनाट्य मराठीत रुजवलं. माझ्या लेखी हे शेवटचं काम ‘घाशीराम’इतकंच मोठं आहे, पण त्यावर वाद झाला नाही म्हणून त्याची चर्चाही होत नाही.

१९७६ चा याच नावाचा चित्रपटही आहे. त्यात आगाशे नाना आहेत, पण घाशीराम ओम पुरी आहेत आणि सगळी मांडणीच वेगळी आहे. तो जरूर पाहा, फक्त तो पाहून या नाटकाबद्दल मत बनवू नका.