कुणी माणसांना घरात कोंडून धरलं असेल, तर सगळ्यात आधी पोचलेल्या पोलिसांनी काय करावं?

तुम्ही विचारलंय, की धाकटी बहीण यंदा पोलीस शिपाई झाली, बीड जिल्ह्यात ११२ च्या (तातडीच्या मदतीच्या नंबरच्या) गाडीवर तिची ड्युटी लागली, आणि पवईच्या स्टुडिओत मुलांना ओलीस धरल्याची बातमी पाहिल्यापासून घरच्यांच्या जिवाला घोर लागलाय. असा कॉल तिला आला तर मोठी फोर्स येईपर्यंत तिने काय करायचं?

मी ३१ वर्षं खात्यात काढली, परभणी जिल्ह्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. कमांडो कधीच नव्हतो, पण सगळ्यात आधी पोचणारा बरेचदा होतो. म्हणून लिहितोय, बहिणीला जरूर वाचायला द्या.

पवईत ३० ऑक्टोबर २०२५ ला १७ मुलं आत होती आणि ती सुखरूप बाहेर आली. पण ती मुंबई. फोर्स वन, म्हणजे राज्य पोलिसांचं कमांडो पथक, मुंबईत असते, आणि लातूर-नांदेड तिथून पाचशे किलोमीटरच्या आसपास. जिल्ह्याची क्यूआरटी (शीघ्र कृती पथक) मुख्यालयातून निघाली तरी तालुक्याच्या टोकाच्या गावाला यायला तास-दीड तास सहज जातो. तेवढा वेळ सगळं तुमच्या बहिणीच्या आणि तिच्या जोडीदाराच्या हातात असणार आहे.

माझ्यावर ही वेळ २०१७ च्या मे महिन्यात आली. दुपारी चारच्या सुमारास निरोप आला, की एकाने दारूच्या नशेत चार वर्षांच्या लेकीला आणि स्वतःच्या म्हाताऱ्या आईला घरात कोंडलंय, हातात कत्ती आहे आणि गॅसची टाकी दाराला लावलीय. बायको माहेरी निघून गेली होती, तिला आणून द्या म्हणून. आम्ही तिघं गेलो: मी, एक शिपाई आणि ड्रायव्हर. माळवदाचं घर, समोर लिंबाचा पार, आणि पारावर, भिंतींवर, शेजारच्या माळवदांवर मिळून शंभर-दीडशे माणूस.

मी गाडीतून उतरलो तो थेट दारासमोर गेलो, काठीने दार वाजवलं आणि ओरडलो, "पोलीस आलेत, दार उघड!" आतून लेकराची किंकाळी आली. ती अजून माझ्या कानातून गेलेली नाही. त्याने पोरीला जवळ ओढलं होतं. "आत पाय टाकला तर कापीन हिला," म्हणाला. पाच मिनिटांपूर्वी तो बायकोवर चिडलेला होता, आता घाबरलेलाही होता, आणि तशी घाबरलेली माणसंच हात उचलतात.

मग दुसरी चूक. त्याचा मेव्हणा पुढे आला, "मी समजावतो साहेब" म्हणाला. मी होकार दिला. "दाजी, बाहेर या, काही होत नाही," इथपर्यंत बरं चाललं. तिसऱ्या वाक्याला "तुमच्यापायी माझ्या बहिणीचं वाटोळं झालं" सुरू झालं आणि आत भांडी फुटायला लागली. नातेवाईक हा बहुतेक वेळा त्या भांडणातलाच एक पक्ष असतो. तो मदत करेल की आग लावेल, हे पहिल्या तासात आपल्याला कळायला मार्ग नसतो. त्याला बाजूला नेऊन बसवा आणि माहिती विचारा. आतल्याशी त्याला बोलू देऊ नका.

त्यानंतर जे केलं, ते आधीच करायला हवं होतं. शेजारच्या वाड्याच्या दगडी भिंतीआड गेलो. आडोसा निवडताना नीट बघा. पत्रा किंवा कुडाची भिंत फक्त लपवते, गोळी अडवत नाही. दगडी भिंत अडवते, आणि काहीच नसेल तर गाडीचं इंजिन असलेली पुढची बाजू. दारा-खिडकीच्या समोर कधीच उभं राहायचं नाही. ड्रायव्हरला वायरलेसवर बसवलं. कंट्रोलला सांगायचं ते नेमकं सांगा: आत किती माणसं, त्यात लेकरं किती, हत्यार कुठलं, दारं-खिडक्या किती आणि कुठल्या बाजूला, यायचा रस्ता कुठला. येणाऱ्या गाड्यांना सायरन बंद ठेवून फाट्यावरच थांबायला सांगा, १०८ आणि नगरपरिषदेचा बंब तिथेच उभा करा. गॅसचा वास येत असेल तर आसपासच्या विड्या विझवा, बटणांना कुणी हात लावू नये. वीज तोडायची की नाही हे अधिकारी ठरवतील. गावातला एखादा उत्साही पोरगा परस्पर फ्यूज काढतो आणि अंधार पडला की आतला बिथरतो.

गर्दीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण आपल्याकडे अर्धी लढाई तीच असते. शिपायाला पोलीस पाटलाबरोबर पाठवून माणसं मारुतीच्या देवळामागे नेली. माळवदांवरची पोरं उतरवली, मोबाईलचं शूटिंग बंद करायला लावलं. फिलिपाइन्समध्ये मनिला शहरात २३ ऑगस्ट २०१० ला नोकरीतून काढलेल्या एका पोलिसाने पर्यटकांची बस अडवून धरली होती. त्याच्या भावाला पोलीस ओढून नेताहेत, हे त्याने बसमधल्या टीव्हीवर पाहिलं आणि तो भडकला. हाँगकाँगचे आठ पर्यटक मेले. २६/११ ला आपल्या वाहिन्यांच्या थेट चित्रणाने अतिरेक्यांच्या सूत्रधारांना आयती माहिती मिळाली, म्हणून आता दहशतवादविरोधी कारवाईचं थेट प्रक्षेपण केबल नियमांत बंद आहे. गावातल्या फेसबुक लाईव्हला हा नियम अडवत नाही. तिथे हात जोडून, नावाने ओळखून सांगणारा पोलीस पाटीलच कामी येतो.

आणि गर्दी आतल्यावरही तुटून पडते. उत्तर प्रदेशात फर्रुखाबाद जिल्ह्यात जानेवारी २०२० मध्ये एकाने लेकीच्या वाढदिवसाच्या नावाखाली गावातली वीसहून जास्त मुलं घरात कोंडली. मुलं वाचली, तो पोलिसांच्या गोळीने मेला, पण त्याच्या बायकोला लोकांनी इतकं मारलं की तीही गेली. बाहेरचं कडं ढिलं पडलं की असं होतं.

आता बोलणं. एकानेच बोलायचं, हळू आवाजात. "शांत हो" म्हणू नका, त्याने कुणी शांत होत नाही. "तुझ्या मागण्या काय?" हेही विचारू नका, नसलेल्या मागण्या सुचतात. मी विचारलं, "लेकरू रडायलंय का? पाणी पाजलं का तिला?" बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "माठ फुटला." तिथून बोलणं सुरू झालं.

तो बायकोला आणा म्हणत होता. मी म्हटलं, "माझ्या हातात नाही बाबा, मी साधा जमादार. साहेब यायलेत, त्यांना विचारून सांगतो." कमी हुद्दा इथे फार उपयोगी पडतो: खोटं न बोलता वेळ मिळतो. "दहा मिनिटांत सांगतो" असं मात्र कधी म्हणू नका, तो घड्याळ बघत बसतो. त्याने क्वार्टर मागितली. दारू आणि हत्यार कुठल्याही परिस्थितीत आत जात नाही, आणि "लेकराऐवजी मी येतो आत" असा सौदाही करायचा नाही. पाण्याचं ठीक आहे, पण फुकट द्यायचं नाही. "घागर दाराशी ठेवतो, तू माईला बाहेर येऊ दे." सातच्या सुमारास म्हातारी आली. तिला घरच्यांच्या गळ्यात पडू न देता आधी गाडीत बसवून विचारलं, तेव्हा कळलं की आत मोटारसायकलचं पेट्रोल काढून ठेवलेली कळशीही आहे. बंबवाल्यांना ते लगेच सांगता आलं.

वेळ काढण्याचा हा मार्ग जगाला उशिरा सापडला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या ओलीस प्रकरणात ११ इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले, त्यानंतर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९७३ मध्ये वाटाघाटीचं खास पथक उभं केलं. वेळ गेला की नशा उतरते, माणूस थकतो, आणि आतल्या लेकराशी त्याचं नातं पुन्हा जागं होतं.

पण एक गोष्ट बहिणीने पाठ करावी. आत कुणाला मारणं सुरू असेल, गोळ्या चालू असतील, कुणी रक्तबंबाळ होऊन पडलेलं असेल, तर वरचं सगळं विसरायचं आणि आहे तेवढ्या बळाने आत घुसायचं. अमेरिकेत कोलंबाइनच्या शाळेत १९९९ मध्ये गोळीबार झाला, तेव्हा आधी पोचलेले पोलीस बाहेर कडं करून खास पथकाची वाट बघत राहिले, एक शिक्षक आत तासन्‌तास रक्त जाऊन मेला. तिथली शिकवण तेव्हाच बदलली. तरी २४ मे २०२२ ला टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत बंदूकधारी हल्लेखोर वर्गात असताना पोलीस ७७ मिनिटं कॉरिडॉरमध्ये थांबले. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. हा गोळ्या झाडणारा नव्हे, नुसता कोंडून बसलेला माणूस आहे, असं धरून चालणं हीच तिथली सगळ्यात मोठी चूक, असं अमेरिकेच्या न्याय विभागाने आपल्या अहवालात लिहिलंय. म्हणून पोचल्यावर पहिला प्रश्न हाच, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा हाच: आत आत्ता कुणाचा जीव जातोय का?

आत माणूस एकटाच असेल, हातात फवारणीच्या औषधाची बाटली असेल, तर घाई अजिबात नको. "मला आत टाकणार का?" असं तो हमखास विचारतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरायचं असतं, तेव्हा "आधी दवाखाना" हे उत्तर खरं आहे आणि मोकळेपणाने द्यावं.

साहेब आले की सगळं सांगून द्यायचं: किती वाजता तो काय म्हणाला, आपण काय कबूल केलं. मी सिगारेटच्या पाकिटावर वेळा लिहून ठेवल्या होत्या. आमच्या साहेबांनी बोलणं माझ्याकडेच ठेवलं, कारण त्याला माझा आवाज ओळखीचा झाला होता.

बाहेर येण्याचा क्षण सगळ्यात नाजूक असतो. कत्ती कुठे टाकायची, हात कसे ठेवायचे, कुठल्या बाजूला चालायचं, हे दार उघडण्याआधी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. साडेआठला दार उघडलं. आधी कत्ती अंगणात पडली, मग पोरगी आली, मग तो. देवळाकडून मेव्हणा धावत सुटला होता, त्याला पोलीस पाटलाने मिठी मारून अडवलं. पोरगी कुणाकडेच जाईना. शिपायाने तिला खांद्यावर घेतलं, आणि १०८ ची गाडी फाट्यावरून आत येईपर्यंत ती तिथेच झोपून गेली.