गावाकडच्या शेतकरी शेजाऱ्यांचा सन्मान शाल-नारळापलीकडे कसा करता येईल?

तुम्ही लिहिलंय की आईवडील गावी असतात, शेजारचं शेतकरी जोडपं त्यांच्यासकट अर्ध्या गावाच्या अडीनडीला धावून जातं, त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं, पण सत्काराचा कार्यक्रम नुसता दिखावा वाटतो. मला विचाराल तर त्यांनी गावाला जे दिलंय त्याला त्यांचं नाव लावा. तेही कागदावर.

माझं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. आमच्याकडचा वाघ्या घेवडा तुम्ही खाल्ला असेल, दाण्यावर लाल पट्टे असलेला. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून आक्का राहते. घेवडा रानात उभा असतानाच ती निरोगी, भरल्या शेंगांची झाडं हेरून त्यांना चिंधी बांधते आणि शेवटपर्यंत कुणाला हात लावू देत नाही. दाणे वाळवायचे, चुलीची राख चाळून त्यात मिसळायची, मडक्यात भरून वर कडुनिंबाचा पाला आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. पावसानं ओढ दिली, दुबार पेरणीची वेळ आली की माणसं तिच्याच दारात येतात. पैसे ती घेत नाही. पायली नेली तर सुगीला सव्वा पायली आणून द्यायची, एवढाच हिशोब आणि तोही तोंडी.

काही वर्षांपूर्वी गावात शेतकऱ्यांचा सत्कार झाला. यादी सातबाऱ्यावरून केलेली, त्यामुळं फेटा आक्काच्या नवऱ्याला, आबांना बांधला गेला. आबा भला माणूस आहे. घरी आल्यावर त्यांनी तो फेटा आक्कापुढं ठेवला आणि म्हणाले, "बी तू राखलंस, ह्यो तुझा." आक्का हसली आणि भाकरी थापायला बसली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. लहानपणापासून तिच्या बियाण्याचा घेवडा मी खात आलो आणि गावाच्या एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं.

नाव नसलं की काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव (मराठवाड्यातलं नव्हे). तिथले दादाजी खोब्रागडे जेमतेम दीड एकराचे धनी, शाळा प्राथमिकच्या पुढं नाही. 1983 च्या सुमारास पटेल-3 या भाताच्या रानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं वेगळ्या पेरल्या, निवडत गेले. त्यातून बारीक दाण्याचा जो तांदूळ तयार झाला त्याला व्यापाऱ्यांनी त्या काळी गाजणाऱ्या घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. कितीतरी घरांत हा भात शिजतो आणि जेवणाऱ्याला दादाजी ठाऊक नसतात. पुढं राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, 2010 साली फोर्ब्सनं ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं, तरी 2018 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा घरची ओढाताण संपलेली नव्हती. त्यांच्या एका वाणाचं नाव डीआरके आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे. ही तीन अक्षरं वाचली की माझा गळा दाटून येतो.

म्हणून तुम्ही आधी त्या दोघांपाशी बसा आणि नीट विचारून घ्या. बी राखतात का, विहिरीचं पाणी कुणाकुणाला देतात, बैल किंवा ट्रॅक्टर पैऱ्यानं, म्हणजे एकमेकांच्या कामाला आळीपाळीनं, कुणाकडं जातो, अडल्या गाईम्हशीला रात्री कोण सोडवतं. हे सगळं वहीत तारखेनिशी उतरवा. मी तसंच केलं, तेव्हा आक्काचं बियाणं नेलेली एकतीस घरं निघाली. मलाही इतकी वाटली नव्हती.

ते बी राखत असतील तर 2001 चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा माहीत असू द्या. शेतकऱ्याला स्वतःचा वाण त्याखाली शुल्क न भरता नोंदवता येतो, आणि जुने वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना केंद्राचे पुरस्कारही आहेत. सुरुवात जवळच्या कृषी विज्ञान केंद्रापासून करा. बाईंचं काम असेल तर राज्याचा जिजामाता कृषिभूषण पुरस्कार खास महिलांसाठी आहे. प्रस्तावासाठी तालुका कृषी कार्यालयात जावं लागतं. कागद जमवायला वेळ लागतो आणि शेतात राबणाऱ्याला तेवढी उसंत नसते. ही धावपळ तुम्ही करा, शिकल्यासवरल्या शेजाऱ्याचं ते काम आहे.

आणि सातबारा बघा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली तेव्हा कितीतरी नवऱ्यांनी जमिनीचा वाटा बायकोच्या नावे केला. पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून आजही लावता येतं. हा विषय शेजाऱ्यानं काढायचा म्हणजे नाजूक आहे, त्यामुळं मी आबांशी एकट्यानं, बांधावर बसून बोललो. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि स्वतः तलाठ्याकडं गेले.

आक्काला मी शेवटी सरळच विचारलं होतं, तुला काय पाहिजे? म्हणाली, "शाल काय करू? काढणीला चार माणसं आण." घेवडा पहाटेच्या दवात उपटावा लागतो, ऊन चढलं की शेंगा तडकून दाणे रानात सांडतात. आता दरवर्षी गणपती झाले की आम्ही पुण्याहून रात्रीची गाडी धरतो. यंदा पाच जण होतो. चिंध्या बांधलेल्या झाडांना तिनं आम्हाला हात लावू दिला नाही, ती तिनं स्वतःच उपटली.