न आलेल्यांची वही

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या नेमणुकीचं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. बेळगावचा खानापूर तालुका, आणि तोही जांबोटीच्या पलीकडचा, म्हणून ती रडकुंडीला आली होती. मला मात्र हसू आलं. त्याच पट्ट्यात मी 29 वर्षं सिस्टर म्हणून काढली. तू तर सीएचओ, म्हणजे उपकेंद्राची आरोग्य अधिकारी होऊन चाललीस, तुला खुर्ची आहे, टॅब आहे, टेलिफोनवर डॉक्टर आहे. आमच्याकडे एक लोखंडी कपाट होतं, त्याचंही दार लागायचं नाही.

उपकेंद्राच्या भिंतीवर कन्नडमध्ये यादी रंगवलेली असेल. गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण, क्षयरोगाच्या गोळ्या, बीपी, शुगर. सगळं फुकट. डोंगराळ भागात 3000 माणसांमागे एक उपकेंद्र असा हिशेब आहे, सपाटीला 5000. कागदावर बरं दिसतं. पण ती 3000 माणसं एका जागी कुठली? सहा वाड्या, मधे ओढे, आणि जूनपासून कणकुंबीकडं पाऊस असा पडतो की मलप्रभा उगमापाशीच दांडगाई करते.

आरोग्य खातं तुला रजिस्टरं भरपूर देईल. त्या सगळ्यांत जे आले त्यांची नोंद. तू एक दोनशे पानी वही स्वतःच्या पैशानं घे आणि तिच्यात फक्त जे आले नाहीत त्यांची नावं लिही. ही अक्कल मला चुकीतून आली.

मी तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. एका म्हाताऱ्याला पिसाळलेलं कुत्रं पोटरीला चावलं. कुणीतरी हळद-चुना लावून आणला होता. मी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली, इम्युनोग्लोब्युलिनच्या, म्हणजे तयार प्रतिपिंडांच्या सुईसाठी मोठ्या दवाखान्यात धाडलं, लसीचा पहिला डोस दिला, कार्ड लिहून हातात ठेवलं. सुयांचे दिवस शून्य, 3, 7, 28. आपल्याला सरळ वाटतं. पण पहिल्या सुईचा दिवस शून्य धरायचा, हे शेतकऱ्याला कोण सांगणार? त्यात कार्ड कन्नडमध्ये, आणि त्याला वाचता यायचं ते मराठी, तेही सावकाश. तिसऱ्या दिवशी आला. सातव्या दिवशी आला नाही, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही. नवव्या दिवशी रजिस्टर चाळताना पोटात गोळा आला. शेतावर गेले तर गडी भाताला पाणी धरून उभा. म्हणतो, "जखम बरी झाली की, सिस्टर." कार्ड देव्हाऱ्यात खंडोबाच्या फोटोमागं सरकवलेलं. त्याला तिथूनच गाडीवर घेऊन आले. तो वाचला, यात माझं कर्तृत्व काही नाही. त्या संध्याकाळी वही घेतली.

आता तुझ्या कामाचं. होळी झाली की गरोदर बायकांची सगळी तायी कार्डं काढून बस आणि जून ते सप्टेंबरमध्ये कुणाकुणाची बाळंतपणाची तारीख येते ते बघ. गवाळी, आमगावसारख्या रानातल्या गावांची नावं आधी काढ. ऐन पावसात तिथून बाईला खांद्यावरून आणायची पाळी येते, आणि 108 ची गाडी कितीही वेळेवर निघाली तरी डांबर संपतं तिथंच थांबते. म्हणून तारखेच्या पंधरा दिवस आधी बाईला खानापुरात एखाद्या पाव्हण्याकडं आणून ठेवायचं. हे सुनेला सांगू नकोस. तिच्या हातात काही नसतं. सासूपाशी बस, तिच्या हातचा चहा पी, तिच्या स्वतःच्या बाळंतपणाची गोष्ट ऐक, आणि मग विषय काढ. बाळंतपणाचे, औषधाचे, रक्ताचे पैसे पडत नाहीत, आणि बाळंतिणीला घरी परत सोडायला सरकारची 'नगु-मगु'ची गाडी येते, हे सासऱ्याच्या कानावर घाल. त्याचा नकार बहुतेकदा भाड्याच्या पैशापायी असतो. दर महिन्याच्या 9 तारखेला डॉक्टर गरोदर बायका तपासतात, तो दिवस चुकवू देऊ नकोस.

लोहाच्या गोळ्या बायका गटारीत टाकतात. शी काळी झाली की घाबरतात. ते आधीच सांगून ठेव, आणि चहाबरोबर गिळू नका हेही.

गुरुवारी लसीकरण. लसीच्या कॅरियरमधल्या बर्फाच्या चार विटा फ्रीजरमधून काढून तशाच घालू नकोस. बाहेर ठेव, त्यांना घाम फुटू दे, मग कानाशी धरून हलव. आत पाणी खळखळलं की घाल. कडक गोठलेल्या विटेला टेकली की पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची लस, गोठते, आणि गोठलेली लस दिसायला चांगली असली तरी कामाची राहत नाही. गोवराची बाटली एकदा विरघळवली की चार तास. मग भले बाहेर दोन पोरं उभी असोत, नवी बाटली फोड. लस वाया गेली म्हणून वरचे ओरडतील. ओरडू देत.

भाषेचं. डॉक्टर विजयपूर नाहीतर बळ्ळारीकडचे असतील, माणसं चांगली, पण मराठी नाही. आपली म्हातारी सांगते कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, जळजळतं. घाईत त्या सगळ्याचं कन्नडमध्ये एकच होतं, नोवु, म्हणजे दुखणं. छातीतली जळजळ आणि छातीतली कळ यांत काय अंतर आहे ते तुला शिकवलंय, मधे उभं राहून नीट सांग. बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावर मी बॉलपेननं सूर्य नाहीतर चांदोबा काढून द्यायची. अजून काही घरांत ती पाकिटं जपून ठेवलेली आहेत, का ते देवाला ठाऊक.

बायकांचं तोंड उघडून बघ. मिश्री लावतात, विचारलं तर लाजून नाही म्हणतात. गालाच्या आत, बॅटरी धरून. पांढरा चट्टा दिसला की पुढं पाठव.

भाताच्या दिवसांत साप. घोणस चावली की आधी मांत्रिक, मग दवाखाना, हा क्रम अजून मोडलेला नाही. मांत्रिकाशी भांडू नकोस, मी भांडून बघितलं. त्याचा फोन नंबर घे आणि तुझा त्याला दे, आधी 108 ला फोन लाव म्हणावं. आता सर्पदंश कळवणं बंधनकारक आहे, 2024 पासून, तेव्हा नोंद तुलाही करावीच लागेल. उन्हाळ्यात रानात माकड मरून पडल्याचं ऐकलंस तर त्याच दिवशी कळव. माकडताप गोव्यातल्या सत्तरीला आणि दोडामार्गाला येऊन गेला आहे, आणि ती रानं आपल्या रानाला लागून आहेत. तो गोचिडीतून पसरतो, आणि गोचीड हद्द बघत नाही.

हद्दीवरून आठवलं. महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायची म्हणाले तेव्हा दोन्हीकडून केवढा गदारोळ झाला. टपरीवर तुला विचारतील, तुझं मत काय. चहा संपव आणि ऊठ. लोकांना एवढंच सांग की आयुष्मान आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहे, पण तातडीचं नसेल तर सरकारी दवाखान्यातून पुढं पाठवल्याचं पत्र लागतं. आपली माणसं पत्र न घेता परस्पर मोठ्या दवाखान्यात जातात आणि मागनं म्हैस विकतात. क्षयरोग्याला महिन्याला 1000 रुपये मिळतात, नोव्हेंबर 2024 पासून. बँकेचं खातं आधारला जोडलेलं आहे का ते तूच बघ. पैसे अडतात ते तिथंच.

आशाताईशी बरोबरीनं वाग. तुझी बदली होईल, ती तिथंच राहणार. कुणाच्या घरी भांडण, कोण माहेरी गेलं, कुणाची पोर ऊसतोडीला गेली, हे टॅबमध्ये कुठं असतं? तुझी वही निम्मी तीच भरेल.

माझ्या तीन वह्या माळ्यावर आहेत. दोन उंदरांनी खाल्ल्यात, तिसरी धड आहे. गावं तीच, आडनावं तीच, त्यातली बरीच पोरं आता बाप झालीत. रुजू व्हायच्या आधी एक दिवस ये आणि ती घेऊन जा. येताना रबरी बूट आण, माप बघते. बाजारातले तळव्याला गुळगुळीत असतात, ओढ्यात घसरतात.

तुझी,
सिस्टरमावशी