'असाच करून द्या' म्हणणाऱ्या क्लायंटला काय सांगायचं?

प्रश्न : उपयोजित कलेची पदवी घेऊन मी वर्षभर स्वतंत्रपणे काम करते आहे. दुकानदार मोबाइलवर एखाद्या परदेशी कॅफेचा लोगो दाखवतात आणि 'हुबेहूब असाच करा, फक्त नाव आमचं टाका' म्हणतात. नाही म्हटलं तर काम शेजारच्या डीटीपीवाल्याकडे जातं. काय करू?
– एक वाचिका, कोथरूड

उत्तर : नकार द्याच, पण तोंडातून पहिला शब्द 'नाही' निघू देऊ नका. त्या चित्रातलं नेमकं काय आवडलं ते आधी विचारा. रंग, अक्षराची जाडी, भोवतीची मोकळी जागा, की जुन्या पाटीसारखा घाट? बहुतेकांना यातली एखादीच गोष्ट हवी असते. ती शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते अख्खं चित्र पुढे करतात. उत्तर त्यांच्यासमोरच लिहून घ्या आणि 'हा घाट ठेवते, आकृती नवी काढते' असं तिथेच सांगा. शैलीवर कॉपीराइट नसतो, काढलेल्या आकृतीवर असतो.

दुकानदाराला तत्त्वापेक्षा व्यवहार लवकर पटतो. ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लहान उद्योगासाठी मालाच्या किंवा सेवेच्या दर वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे (खाद्यगृहं ४३व्या वर्गात येतात, कपडे २५व्या). अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर ४ महिन्यांत कुणीही हरकत घेऊ शकतो. ती मान्य झाली तर शुल्क जातंच, शिवाय पाटी, पिशव्या, खोकी सगळं पुन्हा छापावं लागतं. म्हणून पेन्सिल हातात घेण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर दुकानाचं नाव शोधा, तेही स्पेलिंगने आणि उच्चाराने अशा दोन्ही पद्धतींनी.

नकलेची खरी अडचण मात्र पाटीवर येते. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाचं नाव पाटीवर मराठीत, देवनागरीत असावंच लागतं आणि ती अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. क्लायंटने आणलेला नमुना रोमन लिपीतला. त्याचं देवनागरी रूप कुठेही तयार मिळणार नाही. म्हणजे पाटीवरचं मुख्य काम तुम्हाला मुळापासून करायचंच आहे, आणि तुमची किंमत तिथेच आहे. देवनागरी आधी काढा, रोमन तिच्याशी जुळवा. उलट क्रमाने गेलात तर वेलांट्या आणि मात्रा रोमन अक्षरांच्या उंचीत कोंबल्या जातात आणि उकारांना खाली जागा उरत नाही. नावात 'श्री', 'कृ', 'र्कीं' असं काही असेल तर सुरुवात त्याच अक्षरापासून करा, कारण पूर्ण नावाची उंची तेच ठरवतं. मग लोगो २० मिलिमीटर रुंदीत, एकाच काळ्या रंगात छापून बघा. अनुस्वार शिरोरेषेला चिकटला किंवा 'क्ष'ची पोकळी बुजली, तर रबरी शिक्क्यावर हमखास डाग दिसेल. जाडी कमी करा, फट वाढवा.

चोरीचे फॉन्टही नकलेतच मोडतात. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्ता' आणि 'बालू' खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामाला चालतात. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलत्या जागी पडत असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये इंडिक पर्याय दाखवायला सांगा आणि परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. प्रेसला फाइल देताना अक्षरं कर्व्हजमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत बदला, पण त्याआधी प्रूफवर क्लायंटची सही घ्या. कर्व्हज झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घाची चूक टाइप करून सुधारता येत नाही.

कोटेशनमध्ये ५० टक्के ॲडव्हान्स, दोन पर्याय आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या लिहा. पुढच्या प्रत्येक फेरीचा दर वेगळा. मूळ व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) पूर्ण पैसे आल्यावरच द्या. एवढं करूनही काही जण शेजारी जातील. त्यांना जाऊ द्या.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासची जाहिरात करतोय. यशस्वी उमेदवारांचे ४० फोटो 'आमचे विद्यार्थी' म्हणून टाकायचे आहेत. त्यातले काही फक्त मुलाखतीच्या सरावाला आले होते. पैसे चांगले आहेत.
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुम्हाला खटकतंय ते बरोबर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. उमेदवाराचं नाव किंवा फोटो वापरायला निवड झाल्यानंतर घेतलेली त्याची लेखी संमती लागते. फोटोबरोबर नाव, निकालातला क्रमांक, कोणता कोर्स केला आणि तो पैसे भरून केला का, हे द्यावं लागतं. खुलासेही इतर महत्त्वाच्या मजकुराच्याच आकारात हवेत. तळाशी ५ पॉइंटात 'अटी लागू' लिहून भागत नाही.

म्हणजे हा प्रश्न मांडणीचाही आहे. क्लासकडून प्रत्येक फोटोमागे एक ओळ मागा : नाव, क्रमांक, कोर्स, शुल्क भरलं का, संमतीची तारीख. ओळ पूर्ण नसेल तो फोटो पानावर येणार नाही, हे मेलवर कळवा. ४० फोटोंखाली एवढा मजकूर वाचता येईल असा बसणार नाही, तेव्हा १२च घ्या आणि 'मुलाखत सराव' हे शब्द नावाइतकेच ठळक ठेवा. 'मुलाखत सराव' काढाच असा हट्ट असेल तर झालेल्या कामाचे पैसे ठेवून उरलेला ॲडव्हान्स परत करा आणि बाहेर पडा. फसलेला विद्यार्थी वर्षभराची फी आणि पेठेतल्या खोलीचं भाडं भरून बसलेला असतो.

प्रश्न : एजन्सीत केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवू शकते का?
– एक वाचिका, हडपसर

उत्तर : परवानगी घेऊन. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी कंपनीच असते. 'हे मी केलं' असं म्हणण्याचा निर्मात्याचा हक्क त्याच कायद्याच्या ५७व्या कलमात आहे, पण त्याने काम प्रसिद्ध करण्याची मुभा मिळत नाही. प्रकाशित झालेल्या कामांची यादी देऊन मेलवर होकार मागा. प्रत्येक कामाखाली तुमचा वाटा नेमका लिहा : 'अक्षररचना आणि मांडणी माझी, संकल्पना टीमची.' नोकरी सोडून स्वतंत्र काम घ्याल तेव्हा हक्क लेखी आणि सहीनिशीच द्या. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.