जर्मनीतल्या मुलाने अमेरिकेत एक वर्ष शाळा केली तर ते वर्ष वाया जातं का?

जात नाही, पण जर्मन शाळेशी निघण्याआधी बोलायला हवं. परतल्यावर पुढच्या वर्गात घेणार की तोच वर्ग पुन्हा करावा लागणार, हे राज्य आणि शाळेप्रमाणे बदलतं. रजेच्या अर्जासोबतच हे लेखी घ्या. अडतं ते बहुतेक गणित आणि दुसऱ्या परदेशी भाषेत. फ्रेंच किंवा लॅटिन वर्षभर सुटलं की भरून काढणं फार जड जातं, म्हणून अमेरिकेत विषय निवडताना गणित आणि ती भाषा आधी पाहा. तिथला डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला, मिळेलच, हे मात्र गृहीत धरू नका.

व्हिसा दोन प्रकारचा. जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा) वर सरकारी शाळेत फी सहसा नसते आणि मूल ज्यांच्याकडे राहतं त्या यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही, पण गाव निवडता येत नाही. वय १५ ते साडेअठरा लागतं. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर शाळा निवडता येते, मात्र सरकारी हायस्कूलचा पूर्ण खर्च भरावा लागतो आणि मुदत जास्तीत जास्त १२ महिने.

पैशांची अडचण असेल तर बुंडेस्टाग (जर्मन संसद) आणि अमेरिकी काँग्रेस (तिथली संसद) यांची १९८३ पासूनची शिष्यवृत्ती जरूर पाहा. अर्ज साधारण वर्षभर आधीच करावा लागतो, इथेच बरेच जण चुकतात.